मास्तरांच्या बिनबापाच्या लेकी

मालवणला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहायचो त्या मास्तरांची आठवण निघाली की मला अजूनही आधी राग येतो आणि मग हसू येतं. राग आधी. इतकी वर्षं झाली, पण तो क्रम काही बदललेला नाही.

माणूस हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. लग्न केलेलं नाही, मागे-पुढे कोणी नाही, अंगावर हाडं आणि ओठांवर मिशी. मिशी मात्र अशी की रोज सकाळी पडवीत बसून तिला खोबरेल लावायला त्यांना माझी चूल पेटून पेज होईपर्यंत वेळ लागे. आणि ती मिशी त्यांनी पणाला लावलेली होती. बाजारात, शाळेत, देवळाच्या पायरीवर, जो विचारेल त्याला आणि जो विचारणार नाही त्यालाही ते सांगायचे, "नर दाखवा, मिशी उतरवतो." हे कसलं बोलणं ते नव्या माणसाला कळायचं नाही. मलाही कळलं नव्हतं.

घर एकच, मधे फळ्यांची भिंत. अलीकडे आम्ही, म्हणजे मामलेदार कचेरीत कारकून असलेले आमचे हे, माझ्या सासूबाई, मी आणि दोन मुली. पलीकडे मास्तर. राहायला येऊन चार दिवस झाले नसतील तोच सासूबाईंनी मला न्हाणीपाशी ओढलं. "गो, ह्या मास्तरान घरात बायल ठेवल्यान."

मी म्हटलं, काहीतरीच. पण फळीला कान लावला तर पलीकडून खरंच लाडाचं बोलणं. "बाई, आजचा पाला कोवळा आहे बघ. कालचा निबर होता, नाही का गं?"

"पालो?" सासूबाईंचे डोळे मोठे झाले. "पालो खाता ती?"

दुसऱ्या दिवशी मी तडक जाऊन विचारलं. मला पोटात ठेवता येत नाही. मास्तर रागावले नाहीत, उलट खूश झाले. आतल्या खोलीत नेऊन त्यांनी दुधाचं असतं तसलं जाळीचं कपाट दाखवलं. वरून ओलं गोणपाट टाकलेलं, आत बाटलीत खोचलेल्या गुलाबाच्या फांद्या. दुसरं काहीच नाही. मी म्हटलं, कुठाय तुमची बाई? तेवढ्यात एक काडी चालायला लागली. झाडूचा हीर सुटून आपला आपण चालत निघावा तसं. मग दुसरी. मग लक्षात आलं, फांद्यांना लटकलेल्या निम्म्या काड्या किडेच होते. अंगावर सरसरून काटा आला माझ्या.

"शी! किती आहेत हे?"

"एक," मास्तर म्हणाले.

"मला तर पन्नास दिसतायत."

"दिसतात पन्नास. आहे एकच."

मग त्यांनी खुंटीवरचा सुंभ काढला आणि त्याचे पीळ उलगडून दाखवले. सुंभाला दोन पेड असतात, तसे प्रत्येक जिवात दोन पेड. एक आईकडचा, एक बापाकडचा. दोन्ही वळले की नवा जीव. "पण हिच्यात बापच नाही," ते म्हणाले. "ही अंडं घालते आणि दोन्ही पेड स्वतःचेच देते. म्हणून लेक आईसारखी होत नाही, लेक म्हणजे आईच होते. तिची लेकही तीच. सगळ्या माद्या. मी पहिली अंडी मुंबईहून आणली तेव्हापासून ही एकच बाई माझ्याकडे राहते आहे." त्या सुंभाला गाठी मारलेल्या होत्या. नवी पिढी अंडी घालायला लागली की एक गाठ. किती गाठी होत्या मी मोजल्या नाहीत, पण सुंभ खुंटीवरून जमिनीपर्यंत आला होता.

"आणि मधमाश्यांचं?" कुठेतरी ऐकलेलं म्हणून मी विचारलं.

"तिथे उलटं. तिथे बापाविना होतो तो नर. एकपेडी. माझी बाई नर करतच नाही." आणि मिशीवर हात फिरवून म्हणाले, "दाखवा नर. उतरवतो."

त्या मिशीची कथा त्यांनी मला पुढे सांगितली, फार हौसेने नव्हे. मुंबईच्या एका कॉलेजात ते प्रयोगशाळेत होते. तिथले मोठे साहेब म्हणाले, बापाशिवाय असं चार-दोन पिढ्या चालेल, मग वंश दुबळा होईल, नाहीतर नर निघेल, निसर्गाला नर लागतोच. मास्तर म्हणाले, नाही लागत. साहेब म्हणाले, तुम्ही सिद्ध करा. मास्तरांनी भर प्रयोगशाळेत मिशीची पैज लावली, नोकरी सोडली, अंड्यांची डबी खिशात घातली आणि गावी आले. वंश एकदा तुटला की सगळं संपलं. परत पहिल्यापासून करायला त्यांचं आयुष्य पुरलं नसतं. हे ते स्वतःच म्हणायचे आणि म्हणताना नजर कपाटाकडे असायची.

त्या "सिद्ध करा"चा त्यांनी आयुष्यभर सूड घेतला. घोवाकडे, म्हणजे नवऱ्याकडे, जाते म्हणणाऱ्या मोलकरणीलाही सिद्ध कर म्हणायचे. मासळीवाली दारात येऊन म्हणाली, मास्तरानू, बांगडे ताजे आसत, की यांचं, "सिद्ध कर." एकदा ती वैतागली. बांगड्याचे कल्ले फाकवून तिने तो थेट मिशीपाशी नेला. "हुंगा! काय सिद्ध करूचा आसा तां तुमच्या नाकान करा!" मास्तर हुंगले, मान डोलावली, आणि बांगडे घेतले. मिशीला दिवसभर वास.

अंगणात गावठी गुलाबाची झाडं होती. शेजारणी देवाला फुलं मागायच्या तर म्हणायचे, "फुलं सगळी न्या. पान तोडलंत तर याद राखा." जगात उलटं असतं.

इथवर सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण बाईला उष्मा सोसत नसे. म्हणून कपाटावर सदा ओलं गोणपाट, खोलीत पाणी शिंपडलेलं, आणि दाराच्या मागे, पडवीत, परसात रांगेने पाण्याची मडकी. उघडी. त्या मडक्यांत डासांची पिल्लं वळवळायची आणि संध्याकाळ झाली की त्यांची फौज फळीवरून आमच्याकडे. माझी थोरली, सुमी, तेव्हा चार वर्षांची. तिला हिंवताप झाला. एक दिवसाआड दुपारी पोरगी थडथडायला लागायची, दात वाजायचे, मग अंग तव्यासारखं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी बरी व्हायची आणि परत पडायची. डोळे खोल गेले, पोट पुढे आलं. मला तेव्हा तिसऱ्या खेपेचे दिवस गेलेले होते.

त्या दिवसांत सरकारचे डीडीटीवाले गावोगाव फिरत होते. पाठीला पंप लावून घराच्या भिंती आतून फवारायच्या आणि दारावर खूण करून पुढे जायचं. वाडीतली सगळी घरं झाली. आमची बाजूही झाली. ते दोनदा आले, मास्तरांनी मात्र दोन्ही खेपांना खोल्यांना कुलूप घातलं आणि छत्री घेऊन दारात बसले. डीडीटीवाले काय करणार, लिहून घेऊन गेले. वाडीत कुरबुर सुरू झाली. एकाच घराची अर्धी बाजू फवारलेली आणि अर्ध्या बाजूत डासांचं माहेर.

सुमी परत पडली त्या दिवशी मी पोटावर हात धरून त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"मास्तर, माझी पोर मरेल."

ते पडवीत पाला निवडत होते. मान वर केली नाही. "फवारा मारला तर माझी बाई मरेल. एकही वाचणार नाही."

"किडा आणि पोर एका तराजूत घालता तुम्ही?"

"ऐका," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, त्याचाच मला जास्त संताप आला. "डासाला आई असते, बाप असतो. पेड मिसळतात, म्हणून शंभर पोरं शंभर तऱ्हेची. फवाऱ्याने नव्वद मरतील, दहा वाचतील, आणि वाचतील त्यांच्या पोरांना फवारा लागणार नाही. थोड्या वर्षांत तुमची डीडीटी पाण्यासारखी होईल. माझ्याकडे एकच तऱ्हा. जी एकीला मारेल ती सगळ्यांना मारेल. एका दुपारी सगळं खलास."

पुढे साठच्या दशकात डासांचं त्यांनी सांगितलं तसंच झालं, हे मी मान्य करते. पण तेव्हा माझ्या घरात तापलेली पोर होती, मला पुढच्या वर्षांचं काय कौतुक? "आग लागो तुमच्या पेडांना," मी म्हटलं. "तुमची मडकी तरी उपडी करा!" आणि हातात आलं ते मडकं मी अंगणात आपटून फोडलं. मास्तर फुटलेल्या खापरांकडे बघत राहिले. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद.

मग श्रावण सरता सरता मी बाळंत झाले. पहिल्या दोन्ही मुली सावंतवाडीला माहेरी झाल्या होत्या, पण या खेपेला माझी आई अंथरुणाला खिळलेली, म्हणून इथेच. वैजीण, म्हणजे आमच्याकडची सुईण, म्हणाली, "चेडूच आसा गे." सासूबाई दारातच उभ्या होत्या. "परत?" एवढंच बोलल्या आणि बाहेर गेल्या. न्हाऊमाखू घातलं, पथ्याचं जेवण केलं, शेगडी पेटवली, काही कमी केलं नाही. पण बाळाला हातात घेतलं नाही. लाकडाच्या ओंडक्याला वळसा घालावा तसं त्या पोरीला वळसा घालून जायच्या. मला रडू यायचं आणि बाळंतिणीने रडू नये म्हणून तेही गिळायचं.

बाळ आठवड्याचंही झालं नव्हतं तेव्हा डीडीटीचे साहेब स्वतः येणार अशी बातमी आली. बरोबर पोलीस आणणार, कुलूप तोडणार. सकाळपासून मास्तर अंगणात येरझारा घालत होते. कपाट कुठे न्यावं? वाडीतलं प्रत्येक घर फवारलेलं, त्या भिंतींचा वासदेखील बाईला चालला नसता. बाहेर झाडावर ठेवलं तर कोंबड्या आणि सरडे. आमच्याकडे एकच खोली फवारायची राहिली होती. बाळंतिणीची. मागच्या खेपेला तिथे आम्ही भात साठवला होता म्हणून सोडली, आणि आता सोयर होतं, परका माणूस आत येऊ शकत नव्हता.

मी आत बाळाला घेऊन बसलेली. दार किलकिलं झालं आणि दाराबाहेरून घसा खाकरल्याचा आवाज आला.

"मी आत येत नाही," मास्तर बाहेरून म्हणाले. "तुमचं सोयर मला ठाऊक आहे."

मी बाळाचं दुपटं नीट करत राहिले.

"मडकी मी काल सगळी उपडी केली. बघायला पाठवा कोणाला तरी."

मी मनात म्हटलं, आता सुचलं होय.

मला वाटलं गेले. आणि मग अगदी बारीक आवाजात, "माझ्या बाईला तुमच्या खोलीत घ्याल?"

काय सांगू! एकीकडे मला हसू फुटलं, इतका हा ताठ माणूस, आणि एकीकडे वाटलं, आता तुझी बाई माझ्या हातात आहे, आता थडथडू दे तुला. खरंच वाटलं तसं. पण पलीकडच्या खोलीत सुमी कण्हत होती. मी म्हटलं, "तुमच्या सगळ्या खोल्या फवारू द्याल? कुलूप न लावता? दर खेपेला?"

"देईन."

"आणि माझ्या खोलीत डास राहतील त्याचं काय? माझं बाळ आहे इथे."

कपाटाला उन्हाळ्यात लपेटायचं त्यांचं तलम मलमलीचं कापड होतं, धुऊन घडी करून जिवापाड जपलेलं. ते दाराच्या फटीतून आत सरकवलं गेलं. "याची मच्छरदाणी शिवा. डासाचं पिल्लूही शिरणार नाही."

मोलकरणीने कपाट आत आणलं. सासूबाईंना मी सांगितलं की मास्तरांचं दुधाचं कपाट आहे. त्यांनी गोणपाट उचलून पाहिलं, काड्या हललेल्या पाहिल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या खोलयेत सगळ्या चेडवांचोच बाजार." आणि गेल्या.

दुपारी साहेब आले. घाटावरचे होते, खाकी टोपी, शुद्ध भाषा. मास्तरांनी दारं सताड उघडली आणि स्वतः अंगणात गुलाबाशी पाठ करून उभे राहिले. फळीपलीकडे पंपाचा आवाज सुरू झाला, फस्-फस्, फस्-फस्. फळ्यांच्या फटीतून उग्र वास यायला लागला. मी कपाटावर आणखी एक ओलं धडपं टाकलं, फटींत चिंध्या कोंबल्या आणि एका हाताने बाळाचं नाक झाकलं. स्वतःलाच म्हणत होते, कशासाठी गं? किड्यांसाठी? पण मास्तरांनी शब्द पाळला होता, भिंती माझ्या कानादेखत ओल्या होत होत्या. आता पाळायची पाळी माझी होती.

पावलं आमच्या दाराशी आली. "ही खोली राहिली आहे," साहेबांचा आवाज. "उघडा."

"बाळंतीण आसा," सासूबाई म्हणाल्या.

"आजी, सरकारी हुकूम आहे. एकही खोली सोडायची नाही. बाळंतिणीला घटकाभर बाहेर बसवा."

"सोयर फिटला नाय अजून. बाळंतीण भायर येवची नाय, आणि तुमी आत जावचे नाय."

"आजी, उगाच त्रास देऊ नका. या मास्तरांनी काहीतरी लपवलंय असं आम्हाला कळलंय. बाजूला व्हा."

मी एक शब्द बोलले असते की सगळं संपलं असतं. कपाटात बाई पाला खात होत्या, अंडी खाली कागदावर पडत होती, टप, टप. नीट कान दिला तर बाहेर ऐकू जाईलसं वाटत होतं. तेवढ्यात बाळ रडलं. जन्मात असं वेळेवर कोणी रडलं नसेल. ताणून, टाहो फोडून.

"ऐकलास?" सासूबाईंचा आवाज चढला. दाराच्या फळीला त्यांची पाठ टेकल्याचं मला आतून कळलं. "सरकाराक बाळंतपण होता काय? तुझ्या आवशीक झालेला तेव्हा खंय होतो तुझो सरकार? दारात पाय टाकशीत तर माझ्या अंगावरसून जावचा लागात!"

साहेब पुटपुटले, "बरं, बरं. या खोलीची नोंद नंतर." आणि पावलं गेली. मी भिंतीला डोकं टेकलं. सासूबाई किड्यांसाठी उभ्या राहिल्या नव्हत्या, त्या सोयरासाठी उभ्या राहिल्या होत्या, मला ठाऊक होतं. पण पाठ त्यांचीच होती.

डीडीटीचा असर महिनोन्महिने राहतो. म्हणजे बाई परत आपल्या खोलीत जाऊ शकत नव्हत्या. सव्वा महिना त्या माझ्याबरोबर राहिल्या, आणि हा सव्वा महिना मास्तरांनी जळत्या निखाऱ्यांवर काढला म्हटलं तरी चालेल. निखारे खरे म्हणजे माझ्या खाटेखाली होते. सकाळ-संध्याकाळ शेगडी, वरून ओवा-बाळंतशेपांची धुरी, खिडक्या बंद, बाहेर पाऊस. माझाच जीव गुदमरायचा. मास्तर पडवीतून ओरडायचे, "धूर कमी करा! उष्मा सोसत नाही तिला!"

"मास्तरानू," सासूबाई आतून, "धुरी बाळंतिणीक आसा, तुमच्या हिरांक नाय! सोसत नसात तर न्या उचलून!"

कुठे नेणार? मी कपाट शेगडीपासून लांब, कोपऱ्यात सरकवलं, गोणपाट ओलं ठेवलं. काही पिल्लं मेली. ती मी मोलकरणीच्या हाती पानावर ठेवून बाहेर पाठवली, तेव्हा मास्तर किती वेळ त्या पानाकडे बघत होते म्हणे. बाकीच्या तगल्या. दाराबाहेर बसून ते मला विचारायचे, मी आतून सांगायचे. कोणी खाल्लं, कोणी कात टाकली. बाळंतीण आणि ब्रह्मचारी, मधे दार, आणि गप्पा किड्यांच्या.

असंच एकदा सासूबाई पडवीत बसून शेजारणीला सांगत होत्या, तीन-तीन चेडवां, माझ्या झिलाचा नशीब फुटला, सुनेच्या पोटातच खोट. मास्तर उठून त्यांच्यासमोर आले. "वयनी, चुकीचं बोलताय. माणसात मुलगा की मुलगी हे बापाच्या पेडावर ठरतं. आईच्या हातात काही नसतं. विचारायचं तर तुमच्या मुलाला विचारा."

"माझ्या झिलात खोट काढतास?"

"खोट नाही काढत. कारण सांगतो."

"सिद्ध करा!" सासूबाई कडाडल्या. त्यांचाच शब्द त्यांच्यावर फेकला. मास्तर मिशी चाचपत आपल्या खोलीत गेले. मी आत बाळाला छातीशी घेऊन हसत होते आणि रडतही होते. माझ्या बाजूने कोणी असं उघड बोललं, ते पहिल्यांदाच.

सव्वा महिन्यानंतर आम्ही खोल्यांची अदलाबदल केली. बाळंतिणीची खोली मास्तरांना, त्यांची फवारलेली पुढची खोली मला आणि मुलींना. सुमीचा ताप हटला तो परत आला नाही. गाल भरले. मास्तरांना चतुर्थीचे मोदक सोयरामुळे देता आले नव्हते, पण मी दिवाळीचा फराळ भरभरून दिला. मडकी उपडीच होती.

कैऱ्या पडायच्या दिवसांतली सकाळ. मी पडवीत भात पाखडत होते. मासळीवाली फाटकातून आली आणि पाटी तिथेच टाकून कपाळावर हात मारला. "अरे देवा! मास्तरानू! कोण गेलो?"

मी मान वर केली. मास्तर त्यांच्या दारात उभे होते आणि त्यांच्या ओठांवर मिशी नव्हती. तोंड केवढंसं झालेलं, सोललेल्या बटाट्यासारखं. आमच्यात मिशी उतरवतात ती आई-बाप गेल्यावर. यांचे तर कधीच गेलेले. सासूबाई पदराला हात पुसत धावत बाहेर आल्या, बघून जागच्या जागी थबकल्या. "मास्तरानू, कोण गेलो हो?"

आणि शाळेतली मराठी सोडून कधी न बोलणारे मास्तर आमच्या बोलीत म्हणाले, "कोण गेलो नाय, वयनी. झील झालो."

"कोणाक?"

"बाईक."

मला आधी अर्थ लागेना. मग सुपातला भात सांडला. मी उठून त्यांच्याजवळ गेले. ते हळू आवाजात सांगायला लागले, परत शाळेच्या भाषेत. माझ्या बाळंतपणात जी अंडी पडली होती, शेगडीच्या उबेत, त्यांतून निघालेल्या पिल्लांत एक वेगळं वाढलं. बारीक, आखूड, चपळ. आधी वाटलं रोगट आहे. काल शेवटची कात टाकली तेव्हा खात्री झाली. "उबेने अंड्यात काय झालं मला ठाऊक नाही. शिकलो नाही मी ते. पण नर आहे."

"मास्तर," मी म्हटलं, "अहो, तुमच्याशिवाय कोणाला कळलं असतं? चिमटीत धरून चिरडला असता तर?"

"मला कळलं ना," ते म्हणाले. ओठ थरथरत होता. मिशी असती तर दिसलं नसतं. "मुंबईचे साहेब म्हणाले होते, नर निघेल. निघाला. पैज ती पैज."

इतकी वर्षं त्या एका गोष्टीवर त्यांनी काढली होती. मला फार वाईट वाटलं. सासूबाई मात्र मधे शिरल्या. "शेगडी माझी," त्या म्हणाल्या. "बघूक होयो माका."

आम्ही सगळ्या आत गेलो. मास्तरांनी कपाट उघडलं. फांदीच्या टोकाला एक काडी, इतरांच्या निम्मीही जाड नाही.

"ह्यो?" सासूबाई वाकून बघत राहिल्या. "ह्यो झील?"

"ह्योच."

"आणि करता काय?"

"काय नाय. पालो खाता."

"ह्यो नसतो तर ह्यांचा काय अडला असता?"

मास्तरांनी कपाटातल्या त्या सगळ्या काड्यांकडे पाहिलं. खाली कागदावर अंडी पडत होती, टप, टप, नेहमीसारखी. खुंटीवर सुंभ होता, त्याच्या एकाही गाठीत बाप नव्हता. "काय नाय," ते म्हणाले. "कायच अडला नसता. आजून अडना नाय." आणि म्हणता म्हणता त्यांचा चेहरा बदलला. आपण काय बोललो ते त्यांचं त्यांनाच तेव्हा ऐकू आलं. नर निघाला होता, साहेब तेवढ्यापुरते खरे ठरले होते. पण नर लागतो हे काही खरं ठरलं नव्हतं. ते एकदम खाली बसले आणि उघड्या ओठांवर तळहात ठेवून हसायला लागले.

सासूबाई आणखी थोडा वेळ त्या काडीकडे बघत राहिल्या. मग बाहेर आल्या. पडवीत माझी धाकटी रांगत सांडलेल्या भातापर्यंत पोचली होती आणि मूठभर तोंडात घालायच्या बेतात होती. एरवी वळसा घालून गेल्या असत्या. त्या वाकल्या, तिच्या मुठीतला भात सोडवला आणि तिला उचलून कडेवर घेतलं. जन्मल्यापासून पहिल्यांदा.

"उघडा ठेवलंस गो चेडवाक," माझ्यावर खेकसल्या. "डास चावतले!"

पोरीने त्यांच्या गळ्यातल्या मण्यांना हात घातला. मी चुलीवरची पेज उतू जाते म्हणून आत गेले. पेज काही उतू जात नव्हती, पण तिथे उभी राहिले असते तर रडले असते.